आजाऱ्याची सेवा आणि जाणत्याचा शोध

(वर्षावासातील रविवारच्या प्रवचनमालेत विहारात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस वंदन करून मी माझे चार शब्द आपणासमोर मांडतो. मी विद्वान नाही. बँकेच्या काउंटरवर बसून लोकांच्या नोटा मोजणारा एक कारकून आहे. कॉलेजात कला शाखेला होतो, तेव्हा पाली साहित्याची थोडी ओळख झाली, तेवढीच माझी पुंजी. संस्थेच्या सचिवांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "आजारी मांजर." ते हसले. तुम्हीही आता हसलात. हसा, हरकत नाही. परंतु या मांजरावरून आपल्याच मंडळीत गेल्या दीड-दोन वर्षांत बरेच बोलणे झाले आहे, आणि त्यातले काही माझ्या कानांवर आले आहे. म्हणून त्याचा हिशेब आज सर्वांसमोर मांडावा, असे मी ठरवले.

आमचा भुऱ्या तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. तो आपल्या याच विहाराच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ जन्मला. माझ्या मुलीने त्याला पावसात भिजताना उचलून घरी आणले. माझ्या आईने प्रथम नाके मुरडली आणि मग आठ दिवसांत त्याला आपल्या पायाशी जागा दिली. वडील गेल्यापासून आईला रात्री झोप नव्हती. भुऱ्या पायाशी निजू लागल्यापासून तिला झोप लागते, असे ती स्वतः सांगते.

डिसेंबर २०२३ मधली गोष्ट. बुधवारी संध्याकाळी मी बँकेतून आलो, तेव्हा भुऱ्या आपल्या रेतीच्या डब्यात बसला होता. उठला, न्हाणीत जाऊन बसला, पुन्हा डब्यात आला. जोर करीत होता, मधूनच बारीक आवाजात ओरडत होता. मला वाटले, पोट साफ होत नसेल. मी कोमट दुधात तूप घालून त्याच्यापुढे ठेवले. त्याने तोंड लावले नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "भाऊ, तापाची अर्धी गोळी पाण्यात उगाळून द्या, माणसाला चालते तर त्याला काऊन नाही चालणार?" मला ते पटले. पॅरासिटामॉलची गोळी मी अर्धी केली, चमच्यात उगाळली आणि भुऱ्याचे तोंड उघडायला बसलो.

आई खाटेवरून बघत होती. ती म्हणाली, "थांब. तो तुझ्या बापावानी करून राह्यला रे."

माझा हात तिथेच थांबला.

बंधू-भगिनींनो, माझे वडील बिडीच्या कारखान्यात होते, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. साठी उलटल्यावर त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला. रात्रीतून सहा-सात वेळा उठत, बराच वेळ बाहेर उभे राहत आणि तसेच परत येत. कोणाला सांगितले नाही. लाज वाटत होती. विचारले तर "म्हातारपण आहे" एवढेच म्हणत. आम्ही एका जडीबुटीवाल्याचा काढा दिला, मग आणखी कोणाच्या पुड्या दिल्या. २०११ साली एके दिवशी लघवी पूर्ण बंद झाली, तेव्हा त्यांना मोठ्या दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टर म्हणाले की, प्रोस्टेटची गाठ वाढली होती, ही साधी गोष्ट होती, तिला औषध होते, शस्त्रक्रिया होती. पण लघवी मागे दाबली जाऊन दोन्ही मूत्रपिंडे आता निकामी झाली आहेत. सहा महिन्यांनी वडील गेले. तेव्हापासून माझ्या मनात एक प्रश्न राहिला आहे : आम्ही त्यांच्यावर प्रेम करीत नव्हतो काय? करीत होतो. मग कमी काय पडले? कोणाकडे न्यायचे आणि केव्हा न्यायचे, याचे ज्ञान कमी पडले.

त्या रात्री आईने मांजराच्या बसण्यात माझ्या वडिलांचे उभे राहणे ओळखले. चमचा मी धुऊन टाकला. रात्र कशीबशी काढली. सकाळी भुऱ्याला वेताच्या टोपलीत घातले, तेव्हा त्याने माझ्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. मुके जनावर वेदनेत असले म्हणजे आपला-परका ओळखत नाही. बँकेत रजेचा अर्ज दिला आणि कारणापुढे "घरगुती अडचण" असे लिहिले. मांजर आजारी आहे असे लिहिण्याचे धाडस मला झाले नाही, हेही येथे कबूल करतो.

आपल्या गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. बाहेर दोन गाई, एक शेळी आणि कोंबड्यांची खुराडी घेऊन माणसे बसली होती. डॉक्टरांनी भुऱ्याच्या पोटाखाली हात घालून हळूच दाबून पाहिले आणि माझा हात धरून तिथे लावला. आत लिंबाएवढी टणक गाठ लागली. ते म्हणाले, "ही गाठ नाही. ही लघवीची पिशवी आहे. तुंबली आहे. पोट साफ न होण्याचा हा प्रकारच नव्हे."

मग त्यांनी मला समजावून सांगितले, ते मी आपणास सांगतो. कारण ज्यांच्या घरी बोका आहे त्या प्रत्येकाला हे माहीत असले पाहिजे. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो, शेवटी तर बॉलपेनच्या रिफिलपेक्षाही बारीक. मांजर मुळात पाणी कमी पिते, थंडीत आणखी कमी पिते. केवळ कोरड्या खाद्यावर राहणारे, अंगाने जड, घरातच बसून असणारे किंवा कशाने तरी बिथरलेले मांजर असेल, तर त्याच्या लघवीत बारीक खडे आणि चिकट पदार्थ जमतो आणि त्याचे बूच त्या मार्गात बसते. मांजरीला हा त्रास सहसा होत नाही, कारण तिचा मार्ग रुंद आणि आखूड असतो. एकदा वाट बंद झाली की रक्तातले विष बाहेर पडत नाही. पोटॅशियम नावाचे क्षार रक्तात वाढते आणि ते हृदय बंद पाडते. दोन-तीन दिवसांत जनावर मरते. म्हणून याला उद्या-परवा नसतो, तासांचा हिशेब असतो.

त्यानंतर डॉक्टरांनी जे केले, त्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन. ते म्हणाले, "मी गाई-म्हशींचा डॉक्टर आहे. मांजराला लागते तशी बारीक नळी माझ्याकडे नाही. रक्त तपासण्याची सोय येथे नाही. माझ्याकडे ठेवून घेतले, तर तुमचा वेळ जाईल. तुम्ही आत्ताच्या आत्ता नागपूरला न्या." बंधूंनो, "हे मला येत नाही, त्या जाणत्याकडे जा" असे सांगणारा माणूस हाही मोठा वैद्यच होय. माझ्या वडिलांना काढा देणाऱ्याने एवढे एक वाक्य उच्चारले असते तर!

डॉक्टरांनी नागपूरच्या एका जुन्या अध्यापकांना फोन लावला, तो उचलला गेला नाही. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि तीन गोष्टी बजावल्या : पोट दाबू नका, घरचे कोणतेही औषध देऊ नका, अंगावर ऊबदार कापड ठेवा. मी भाड्याची गाडी केली. भंडाऱ्याहून नागपूर साठ-बासष्ट किलोमीटर. टोपली मांडीवर घेऊन मी बसलो होतो. मौदा येईपर्यंत भुऱ्या ओरडत होता. त्यानंतर त्याने ओरडणे बंद केले, आणि ते बंद झाल्यावर मला जास्त भीती वाटली.

नागपुरात मी एक चूक केली. पाटी दिसली म्हणून एका दवाखान्यात शिरलो. तेथे सव्वा तास बसवून ठेवले आणि मग सांगितले की, मांजरे पाहणारे डॉक्टर संध्याकाळी येतात. आम्हाला हे आधी विचारायला सुचले नाही आणि त्यांनाही सांगायला सुचले नाही. दारातून बाहेर पडतो तोच त्या अध्यापकांचा उलटा फोन आला आणि त्यांनी आपल्या एका विद्यार्थिनीचा पत्ता दिला. या डॉक्टर बाईंनी पशुवैद्यकाची साडेपाच वर्षांची पदवी घेऊन वर शस्त्रक्रियेची पदव्युत्तर पदवी घेतलेली आहे, आणि कुत्री-मांजरे हेच त्यांचे काम आहे. त्यांनी टोपली पाहताच पुढचे रुग्ण थांबवले. रक्त काढले. क्रिएटिनिन सामान्य मर्यादेच्या चौपट होते, पोटॅशियमही चढले होते. प्रथम सलाईन आणि हृदय सांभाळणारे इंजेक्शन दिले, मग भूल देऊन अतिशय बारीक नळी आत सरकवली. लघवी बाहेर आली, ती कोऱ्या चहाच्या रंगाची होती. माझ्या डोळ्यांत पाणी आले. मला वडिलांची शेवटची बाटली आठवली.

मी त्या अर्ध्या गोळीबद्दल बाईंना सांगितले. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "दिली असती तर तुम्ही इथवर पोहोचला नसता." पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकण्याची शक्ती मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच जाते, हिरड्या काळपट पडतात, आणि अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो. आमच्या शेजारच्या काकूंचा हेतू चांगला होता. माझाही हेतू चांगला होता. निव्वळ चांगल्या हेतूने मी त्याला मारले असते.

तीन दिवस भुऱ्या तेथे होता. मी इंदोऱ्याला मावसभावाकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी बाईंनी एक कठीण गोष्ट काढली. मूत्रपिंडे सावरली नाहीत तर त्याला वेदनेत ठेवायचे की वेदनारहित मरण द्यायचे, याचा विचार घरी करून ठेवा, असे त्या म्हणाल्या. पंचशील रोज म्हणणाऱ्या माणसाला हा प्रश्न किती जड जातो, हे मला त्या रात्री कळले. सुदैवाने उत्तर देण्याची वेळ आली नाही. तयार उत्तर माझ्यापाशी आजही नाही. परंतु तो प्रश्न विचारणारी बाई निर्दय नव्हती, एवढे मी सांगतो. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन उतरले, भुऱ्याने उकडलेल्या कोंबडीचे दोन घास खाल्ले आणि मी आईला फोन केला. ती काही बोलली नाही. फोन माझ्या बायकोच्या हातात देऊन आत निघून गेली.

आता हिशेब. औषधोपचार, तपासण्या, गाडीभाडे मिळून सोळा हजार आठशे पन्नास रुपये खर्च झाला. आणि आपल्या विहाराच्या अभ्यासिकेसाठी मी डिसेंबरअखेर दहा हजार रुपये देण्याचे कबूल केले होते. त्यातले तीनच हजार देऊ शकलो. उरलेले सात हजार पुढे दरमहा हजार याप्रमाणे सात महिन्यांत फेडले, पावत्या सचिवांकडे आहेत. मधल्या काळात एका बैठकीत कोणी म्हणाले, "मांजरापायी अभ्यासिका थांबली. माणसाला औषध मिळत नाही अन् याला मांजराचे लाड सुचतात." ज्यांनी हे म्हटले, त्यांच्यावर माझा राग नाही. उलट, हा प्रश्न आपल्या समाजाने विचारलाच पाहिजे, असे माझे मत आहे.

कारण आपला इतिहास काय आहे? महाडच्या चवदार तळ्यावर गुरे-ढोरे पाणी पीत होती, त्यांना कोणी अडवीत नव्हते. आपल्या माणसांना मात्र बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तेथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले, ते पाण्याच्या तहानेसाठी नव्हे, माणुसकीच्या हक्कासाठी. ज्या समाजाने जनावराला माणसापेक्षा वरचे स्थान मिळालेले सोसले, त्या समाजाला भूतदयेचे शब्द ऐकले की ठेच लागते. ही ठेच खरी आहे. मी ती नाकारीत नाही.

पण त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्याला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली तेरावी आठवा. प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे पालन करण्याची ती प्रतिज्ञा आहे. ज्यांनी चवदार तळ्याचे दुःख सर्वांत जास्त जाणले, त्यांनीच ही प्रतिज्ञा आपल्या हाती दिली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही करुणा आणि मैत्री असा भेद त्यांनी सांगितला आहे : करुणा माणसांपुरती, आणि मैत्री त्यापुढे जाऊन सर्व जीवमात्रांना कवेत घेणारी. म्हणजे जनावराला माणसाच्या डोक्यावर बसवणारी ती जुनी दया वेगळी आणि ही मैत्री वेगळी. त्या दयेत माणूस वगळलेला होता. या मैत्रीत माणूस पहिला आहे, आणि वगळलेला कोणीच नाही.

एका बाजूला तापाने फणफणलेले पोर आणि दुसऱ्या बाजूला मांजर, आणि खिशात एकाच्याच औषधाचे पैसे, असे असेल तर मी पोराकडेच जाईन. यात मला शंका नाही. पण खरे सांगा, आपल्या घरांतून असा प्रसंग किती वेळा येतो? लग्नात डीजेला वीस-पंचवीस हजार जातात, तेव्हा अभ्यासिका कोणाला आठवत नाही. मग हा प्रश्न नेमका आजारी जीवाच्या औषधापाशीच का यावा?

याचे उत्तर मला महावग्गात सापडते. एक भिक्षू पोटाच्या विकाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तथागत आनंदासह फिरत तेथे आले. त्यांनी विचारले, तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही? तो म्हणाला, मी इतर भिक्षूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून करीत नाहीत. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले, दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले. मग संघाला बोलावून सांगितले की, ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. या कथेतला 'उपयोगाचा नाही' हा शब्द माझ्या मनात रुतून बसला आहे. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, म्हणून त्यांच्या औषधाला कोणी हसत नाही. मांजर काय देते? म्हाताऱ्या माणसालाही एक दिवस हाच प्रश्न घरात विचारला जातो, तोंडाने नसेल तर नजरेने.

तेथेच शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी हवेत असे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषधाची सिद्धता करता आली पाहिजे. पथ्य काय, अपथ्य काय हे त्याला कळले पाहिजे. लाभासाठी नव्हे, तर मैत्रीच्या चित्ताने त्याने सेवा केली पाहिजे. मलमूत्र, थुंकी, वांती यांची किळस वाटता कामा नये. आणि धम्माच्या बोलण्याने त्याला रुग्णाला धीर देता आला पाहिजे. क्रम पाहा. मैत्री तिसरी आली आहे. पहिले दोन्ही गुण ज्ञानाचे आहेत. तूप-दूध देणारा मी, पहिल्या दोन गुणांत नापास होतो. पाचवा गुण मांजराला कसा लागू करावा, असे तुम्ही म्हणाल. घरी आणल्यावर आई त्याच्या कानाशी बसून हळू आवाजात काहीतरी बोलत असे, आणि औषध देताना तो तिच्याच मांडीवर शांत राहत असे. मी तेवढ्यावर समाधान मानले.

सेवेला अवघड रुग्ण कोणता, तेही तेथे सांगितले आहे : जो औषध घेत नाही, पथ्य पाळत नाही, आणि आपला आजार खराखुरा सांगत नाही. मांजराचे हे तंतोतंत वर्णन आहे. मांजर दुखणे लपवते. कोपऱ्यात जाऊन बसते, खाणे कमी करते, अंग चाटणे सोडते, एवढीच त्याची भाषा. ती ओळखावी लागते. आणि आपल्याकडची वडीलधारी माणसे? तीही लपवतात, लाजेने किंवा पैशाच्या काळजीने.

आणि जाणत्याला शोधणे हा तर धम्माचाच मार्ग आहे. तथागतांना स्वतःला विकार झाला तेव्हा जीवकाला बोलावण्यात आले, मंत्र-तंत्र करण्यात आले नाहीत. जीवक सात वर्षे तक्षशिलेला शिकला होता. परतताना साकेत नगरीत एका श्रेष्ठीची पत्नी सात वर्षे डोकेदुखीने हैराण होती. नामांकित वैद्य पैसे घेऊन गेले, गुण आला नव्हता. ती या तरुण वैद्याला आत घ्यायला तयार नव्हती. जीवक म्हणाला, आधी काही देऊ नका, बरे वाटल्यावर द्या. जाणता कोणता आणि नुसता पैसे घेणारा कोणता, हा पेच अडीच हजार वर्षांपूर्वीही होताच. पुढे सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशी दोन्ही प्रकारची चिकित्सा सुरू केल्याचे कोरून ठेवले, आणि जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणून लावल्या. त्याच्या लेखमालेतल्या आठव्या आणि नवव्या लेखांचे तुकडे आपल्या महाराष्ट्रात, सोपाऱ्याला सापडलेले आहेत. माणसाचा दवाखाना आधी की पशूचा, असे भांडण त्याने लावले नाही. दोन्ही एकाच वाक्यात लिहिले.

आपल्याकडे परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले, नागपूरचे सेमिनरी हिल्सवरील महाविद्यालय १९५८ साली. पुढे परभणी, उदगीर, शिरवळ येथेही झाली. २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टने लहान प्राण्यांसाठी मोठे रुग्णालय उघडले आहे. तालुक्याला मात्र अजूनही बहुतेक गाई-गुरांचीच सोय आहे. म्हणून जाण्यापूर्वी फोन करून तीन प्रश्न विचारावेत, असे मी अनुभवाने सांगतो : मांजर पाहणारे डॉक्टर आत्ता आहेत काय? रक्ततपासणी आणि सोनोग्राफी तेथे होते काय? रात्री ठेवून घेतात काय? आणि डॉक्टर भेटल्यावर आणखी तीन : आजार कोणता, आशा किती, खर्च किती? खर्च विचारण्यात कमीपणा नाही. मला झेपेल तेवढेच सांगा, असे म्हटल्यावर बाईंनी नको त्या दोन तपासण्या वगळल्या. चावा किंवा ओरखडा बसला, तर जखम पंधरा मिनिटे साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी सरकारी रुग्णालयात जावे. मी नागपुरात ती घेतली, पैसे पडले नाहीत.

आता शेवटची गोष्ट, आणि तीच मला मुख्यतः सांगायची आहे. एप्रिल २०२४ मध्ये भुऱ्याला पुन्हा तोच त्रास झाला. हा आजार उलटतो, हे बाईंनी बजावलेच होते. आम्ही त्याचे खाणे ओलसर केले होते, घरात तीन ठिकाणी पाणी ठेवले होते, रेतीचे डबे दोन केले होते आणि माझी मुलगी दिवसातून दोनदा रेतीत लघवीचे गोळे मोजत होती. त्या दिवशी दुपारी गोळा दिसला नाही. दोन तासांच्या आत आम्ही आपल्याच गावच्या दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी टेबलाचा खण उघडला आणि पाकिटातली एक बारीक नळी काढली. डिसेंबरनंतर त्यांनी नागपूरच्या बाईंना फोन करून ती पद्धत विचारून घेतली होती आणि मांजराच्या चार नळ्या मागवून ठेवल्या होत्या. अर्ध्या तासात लघवी मोकळी झाली. मूत्रपिंडांना धक्का लागला नाही. बाईंना फोनवर विचारून पुढचे औषध ठरले. सर्व मिळून खर्च अठराशे रुपये.

मांजर तेच, आजार तोच, प्रेमही तेवढेच. फरक एका गोष्टीचा पडला. यावेळी आम्हाला माहीत होते, आणि आमच्या डॉक्टरांनाही माहीत होते. पहिल्या वेळच्या त्या सोळा हजारांत भुऱ्याचा जीव तर वाचलाच, पण गावात एक ज्ञानही आले. त्यानंतर त्या नळ्यांतल्या दोन आपल्याच वस्तीतल्या दोन बोक्यांना लागल्या. आणि ज्यांनी बैठकीत मला बोल लावला होता, त्यांच्याच घरचा त्यांतला एक होता, हे सांगितले तर ते रागावणार नाहीत, कारण ते आत्ता समोर बसून हसत आहेत.

म्हणून माझी दोन मागण्यांवर बोळवण करा. पहिली अशी की, आपल्या अभ्यासिकेच्या भिंतीवर एक फळा लावावा. कोणत्या आजाराला कोणत्या डॉक्टरकडे जावे, कोठे, कोणत्या वेळी, सरकारी सोय कोणती, हे त्यावर लिहावे. वर माणसांसाठी, खाली जनावरांसाठी. दुसरी मागणी तरुणांकडे. आज घरी गेल्यावर आपल्या आजोबांना, वडिलांना एकान्तात विचारा की, रात्री किती वेळा उठता? लघवीला अडचण होते काय? ते "काही नाही" म्हणतील. मांजरही काही नाहीच म्हणत असते. एकदा विचारून सोडू नका.

माझ्या वडिलांना हे विचारायला मी चुकलो. भुऱ्या अजून आहे. आत्ताही तो आईच्या पायाशी निजलेला असेल, आणि मी उशिरा घरी पोहोचलो की दोघेही डोळे उघडून बघतील.



नमो बुद्धाय. जयभीम.